पुढच्या गाडीमागचे साळवी

महाराष्ट्र राज्याचा इतिहास रस्त्यांवर लिहिला गेला, असे त्या काळचे वक्ते सांगत, आणि त्यांच्यापैकी जे उरले आहेत ते अजूनही सांगतात. मला ते खोडून काढायचे नाही. त्या इतिहासातला नाशिक ते दादर एवढा रस्ता माझ्याही वाट्याला आला. एका जुन्या लष्करी जीपमध्ये बसून तो मी पाहिला. त्याचा बराचसा भाग म्हणजे कांद्याच्या ट्रकची मागची फळी होती.

जीप केशव रामजी साळवी यांची होती आणि चालवत तेच होते. साळवी पोलीस खात्यात मोटार ड्रायव्हर होते, आणि त्याआधी लढाईच्या काळात लष्करात ड्रायव्हर होते. नायगावच्या चाळींत काही इमारती पोलिसांच्या आणि काही आमच्यासारख्या इतरांच्या. मधे एक मोकळी जागा, तिला आम्ही मैदान म्हणत असू. साळवी मैदानाच्या पलीकडे राहत, मी अलीकडे. नळ मात्र एकच होता, त्यामुळे सरकार आणि जनता रोज पहाटे एका रांगेत उभी असे.

मी गिरगावात एका छापखान्यात प्रुफे तपासत असे. चळवळीच्या दिवसांत आमच्याकडे दिवसाला तीन-तीन पत्रके येत, आणि प्रत्येकात रक्त सांडलेले असे. 'क्त'चा खिळा, म्हणजे छपाईचा सुटा टाइप, आमच्या पेटीत मुळात कमी. तो इतका लागे की खिळे जुळवणारे कंपॉझिटर अर्ध्या पत्रकानंतर 'बलिदान' वापरू लागत. गोळीबार झाला त्या दिवसांत खरोखरच माणसे मेली, त्यांतली दोन आमच्या ओळखीची होती, आणि तरीही मी सकाळी जाऊन तोच मजकूर तपासला. ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. त्या वर्षांत मला काय वाटत होते असे आज कोणी विचारले तर नीट सांगता येत नाही. बहुधा काही वाटत नव्हते. साळवींशी माझे जमले ते यामुळेच असावे.

साळवी बुटके आणि रुंद होते. पोस्टाच्या पेटीवर जेवढे भाव असतात तेवढे त्यांच्या चेहऱ्यावर असत. गाव संगमेश्वराकडचे, पण बोलण्यात कोकण फारसे उरले नव्हते. बोलणेच फारसे उरले नव्हते. त्यांचा एक शब्द मात्र सगळ्या नायगावात माहीत होता, तो म्हणजे 'अंतर'. नळावर कोणी अंगाला अंग लावून उभा राहिला की साळवी मागे न पाहता म्हणत, "अंतर ठेवा." बाजारात जाताना साळवीवहिनी पुढे आणि साळवी ठरावीक पावलांवर मागे असत. वहिनी भाजीचा भाव मोठ्याने सांगत, वळून न पाहता, आणि मागून "घ्या" किंवा "राहू द्या" असा आवाज येई. नवीन भाजीवाल्यांना सुरुवातीला हे भुताटकीसारखे वाटे.

याचे कारण त्यांनी मला एकदा सांगितले. लष्करात गाड्यांचा कॉन्व्हॉय निघतो. तीस-चाळीस ट्रक, एकामागे एक, मधे पन्नास यार्ड. पुढच्या गाडीवर नजर ठेवायची, ती जाईल तिथे जायचे, ती थांबली की थांबायचे. मधेच दुसरी गाडी घुसली तर तिला मागे टाकायचे नाही, कारण आपण मागे टाकले तर आपल्यामागचे सगळेच ओव्हरटेक करू लागतात आणि मग कॉन्व्हॉय राहत नाही. पोलीस खात्यातही तसेच: पुढे साहेबांची गाडी, मागे साळवींची. इतकी वर्षे गाड्या चालवून साळवी एकदाही सर्वांत पुढे नव्हते.

"ब्रह्मदेशात माझा नंबर दुसरा होता," ते म्हणाले. "रात्री पूल तुटला होता. कुणाला माहीत नव्हतं. पुढची गाडी नदीत गेली. मी थांबलो."

"पुढे कोण होता?"

"शिंदे. साताऱ्याकडचा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मागं कळवलं, पुढं गाडी नाही." मग ते म्हणाले, "अंतर होतं म्हणून."

त्यांना एकच मुलगा, वसंता. विशीतला, एका गिरणीच्या ऑफिसात कारकून आणि संध्याकाळी कॉलेज. तो माझ्याकडे पुस्तके न्यायला येई आणि बापाबद्दल बोलत नसे. गोळीबाराच्या दिवशी साळवींची गाडी फोर्टात होती. ते चाकावर बसले होते, त्यांनी काठीही उचलली नव्हती. पण गाडी होती, आणि तिच्यात ते होते. त्या दिवसापासून वसंताने घरात त्यांच्याशी बोलणे सोडले. साळवींनी विचारले नाही. विचारण्याची त्यांना सवय नव्हती.

पुढे सत्याग्रहाच्या तुकड्या निघू लागल्या तेव्हा वसंता एका तुकडीत गेला. ठाकुरद्वारच्या नाक्यावर त्यांना धरले आणि पिंजऱ्यात भरले. पिंजरा म्हणजे जाळीची पोलीस गाडी. दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर साळवींनी बादली लावली आणि म्हणाले, "काल वसंताला नेला."

"कोणी?"

"मी."

नळाखालची बादली भरून वाहू लागली.

"काही बोलला?"

"घोषणा देत होता. सगळेच देत होते."

"तुम्ही वळून पाहिलं नाहीत?"

"आरशात दिसला."

"मग?"

"मग काय. साहेबांची गाडी पुढं होती. धोबीतलावला पोलिसानं हात दाखवला, थांबलो. मग त्यानं सोडलं."

नळाचे पाणी गेले. आम्ही आपापल्या बादल्या घेऊन आपापल्या इमारतीत गेलो.

वसंताला काही महिन्यांची शिक्षा झाली आणि नाशिकरोडच्या तुरुंगात पाठवले. तिथून तो मला पत्रे लिही. त्यांत पुस्तकांच्या याद्या असत आणि आमच्या छापखान्याच्या पत्रकांतल्या चुकाही असत. एका पत्रात शेवटी एक ओळ होती: 'आबांना सांगा, मी सुटेन तेव्हा न्यायला येऊ नये. त्यांच्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही.'

असला निरोप पोचवायला प्रुफे तपासण्याचा अनुभव उपयोगी पडतो. मी ओळ जशीच्या तशी वाचून दाखवली. साळवींनी ती दोनदा वाचायला सांगितली.

"त्यांच्या गाडीत," ते म्हणाले. "म्हणजे खात्याच्या."

"तसंच असेल असं नाही, साळवी."

"खात्यातून मी सुटतोच आहे. पुढल्या महिन्यात." मग मैदानाकडे पाहून म्हणाले, "आपली गाडी घ्यायला पाहिजे."

नायगावच्या चाळीत स्वतःची मोटार हा तेव्हा विनोदाचा विषय होता. वहिनींनी सांगून पाहिले, "अहो, पोराला आणायचंय ना? आगगाडी आहे की." साळवी म्हणाले, "आगगाडी सरकारची." त्यानंतर त्यांनी पेन्शनची काही रक्कम आगाऊ उचलली, गावचा आंब्यांचा एक तुकडा विकला आणि देवळालीला लष्कराच्या टाकाऊ गाड्यांचा लिलाव होता तिथे जाऊन एक जीप घेऊन टाकली. जीप आणि तिचे कागद हातात यायला पंधरा दिवस होते. तो दिवस आणि वसंताच्या सुटकेचा दिवस एकच आला, किंवा साळवींनी तो तसा आणला.

आदल्या दिवशी वहिनी माझ्या दारात आल्या. "भाऊजी, तुम्ही जा बरोबर. तुमचं तो ऐकेल."

"वहिनी, माझं कंपॉझिटरही ऐकत नाही."

"तरी जा. हे एकटे गेले तर दोघं मिळून दोन शब्द बोलणार नाहीत. तुम्ही गेलात तर निदान तिसरा माणूस असेल."

तर देवळालीच्या त्या आवारात आम्ही सकाळी उभे होतो. जीप म्हणजे लढाईतली अमेरिकन जीप. दारे नाहीत, टपाचे कापड तीन ठिकाणी शिवलेले, बॉनेटवर पांढरी चांदणी अर्धी पुसलेली. रंग लष्करी हिरवा. स्टिअरिंग डाव्या बाजूला. मी सभोवती फिरून आलो आणि जे बोलायला नको होते ते बोललो.

"साळवी, ही पण सरकारीच."

"होती. लिलाव झाला. आता कागदावर माझं नाव आहे."

"पण रंग?"

"रंग चांगला आहे अजून," ते म्हणाले. त्यांना माझा प्रश्न कळलाच नाही. मुलाचा राग खात्याच्या मालकीवर आहे अशी त्यांची समजूत होती आणि मालकीचा प्रश्न त्यांनी सोडवला होता.

स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे मी उजवीकडे बसलो, म्हणजे जिथे इतर मोटारींचा ड्रायव्हर बसतो तिथे. वळताना, थांबताना बाहेर हात काढून खूण करायची ती मी. साळवी म्हणत, "हात," आणि मी हात काढी. येणारे-जाणारे मला ड्रायव्हर समजत. मला सायकलसुद्धा धड चालवता येत नसे.

तुरुंगाच्या दाराशी त्या दिवशी सुटणाऱ्यांसाठी मांडव घातला होता. हार होते, ताशा होता, आणि एक स्थानिक पुढारी होते, ज्यांना तुरुंगात जाण्याचा योग आला नव्हता आणि त्याची भरपाई ते भाषणात करत होते. त्यांच्या भाषणात सह्याद्री चार वेळा जागा झाला. सुटलेल्यांना मुंबईला नेण्यासाठी स्वागत समितीने एक ट्रक आणला होता, आंब्याचे डहाळे आणि झेंडे लावून. वसंता बाहेर आला. बारीक झाला होता, गळ्यात हार होता. मला पाहून हसला.

"काका, तुम्ही?"

"तुझी आई म्हणाली जा."

मग त्याला जीप दिसली. जीपजवळ साळवी उभे होते, बॉनेटवर एक हात ठेवून, सरळ, परेडला उभे राहावे तसे.

"ही कुणाची?"

"आबांची. स्वतःची. लिलावात घेतली. खात्याचा आता काही संबंध नाही."

वसंता जीपकडे बघत राहिला. मला वाटले तो काहीतरी मोठे बोलेल. मांडवाच्या सावलीत उभे राहिले की तरुण माणसांना तसा मोह होतो.

"रंग तोच आहे," तो म्हणाला, आणि जाऊन ट्रकमध्ये चढला.

मी परत आलो. साळवींनी विचारले, "बसला?"

"ट्रकमध्ये बसला."

"पुढं की मागं?"

"मागे. फळीजवळ."

"बरं," साळवी म्हणाले. "म्हणजे दिसेल."

ट्रक निघाला, आणि त्यामागे पन्नास यार्डांवर आम्ही. ते अंतर साळवी कसे मोजत मला माहीत नाही, पण ते कमी-जास्त झाले नाही. वसंता ट्रकच्या मागच्या फळीखालून पाय बाहेर सोडून, तोंड आमच्याकडे करून बसला होता. इतर जागा भरल्यामुळे त्याला इलाज नव्हता. म्हणजे तो बापाकडे बघत होता आणि बाप त्याच्याकडे. त्याने मान वळवली तर शेजारच्याचा झेंडा डोळ्यांत जाई. घोटीपर्यंत हे असेच चालले. जीपच्या आवाजात बोलणे शक्य नव्हते, ही एक सोय होती.

घोटीला ट्रक थांबला. गावकरी हार घेऊन उभे होते. साळवी पन्नास यार्ड मागे थांबले, इंजिन बंद केले आणि रेडिएटरचे पाणी बघू लागले. चार-पाच गावकरी ट्रककडून आमच्याकडे धावत आले. पहिल्याने मला हार घातला.

"किती महिने होतात आत?"

"मी आत नव्हतो. मी प्रुफे तपासतो."

"विचारवंत आहेत," तो मागच्यांना म्हणाला, आणि दुसरा हार आला.

एका म्हाताऱ्या बाईने मला ओवाळले. मग साळवींकडे बघून तिने विचारले, "आणि हे?"

"हे ड्रायव्हर आहेत, आजी."

"मग चाक उलट्या बाजूला का?"

याचे उत्तर द्यायला इतिहास सांगावा लागला असता. तेवढ्यात एक पोरगेला कार्यकर्ता बॉनेटवरच्या चांदणीला हात लावून विचारू लागला, ही कोणत्या पक्षाची निशाणी, आणि हा पक्ष राज्य मागण्यात आपल्याबरोबर आहे ना. साळवींनी बॉनेट बंद केले. "अमेरिका," ते म्हणाले. कार्यकर्ता विचारात पडला.

कसाऱ्याच्या घाटात वसंताला डुलकी लागली. मान छातीवर पडली आणि प्रत्येक वळणाला त्याचे शरीर फळीवर आपटू लागले. साळवींनी अंतर कमी केले. पन्नासाचे पंचवीस झाले असेल. मला त्याच्या हारातली फुले मोजता येऊ लागली. नियम मोडताना मी साळवींना पाहिले ते एवढेच एकदा.

"फळी सैल आहे," ते म्हणाले.

तो पडला असता तर आमच्याच चाकाखाली आला असता, हे मला दिसत होते. त्यांना दिसत नव्हते असे नाही. पण मुलगा पडणार असेल तर आपण जवळ असावे, यापलीकडे त्यांचा हिशोब त्या क्षणी गेला नसावा. घाट उतरल्यावर वसंता जागा झाला, जीप इतक्या जवळ बघून त्याने पाय आत ओढले, आणि साळवी पुन्हा पन्नास यार्डांवर गेले.

शहापूरच्या पुढे एका वळणावर कांद्याचा ट्रक मधे घुसला. साळवींनी त्याला वाट दिली. मी वाट बघत राहिलो की आता ते त्याला मागे टाकतील. रस्ता मोकळा होता, जीप हलकी होती.

"साळवी, पुढे काढा ना."

"मधे घुसलेल्या गाडीला ओव्हरटेक करायचं नाही."

"आपल्यामागे कोणी नाही, साळवी. हा कॉन्व्हॉय नाही."

"तुमचा हात आत घ्या."

डहाळ्यांचा ट्रक आधी लहान झाला, मग दिसेनासा झाला. आम्ही कांद्याच्या मागे पन्नास यार्ड राहून जात होतो. तासाभराने भिवंडी आली. कांद्याच्या ट्रकने हमरस्ता सोडून गावात वळण घेतले. "हात," साळवी म्हणाले, आणि मी वेड्यासारखा हात काढला. गल्लीतून गल्लीत जात आम्ही एका वखारीच्या आवारात पोचलो. ट्रक थांबला, आम्ही थांबलो. एक हमाल जीपच्या मागे डोकावला आणि माझ्या गळ्यातल्या दोन हारांकडे बघून म्हणाला, "शेठ, माल कुठाय?"

साळवींनी इंजिन बंद केले. हात स्टिअरिंगवर, नजर समोर. समोर पोत्यांची थप्पी होती.

"चुकलं," ते म्हणाले.

"हरकत नाही. फार लांब आलो नाही. मागे वळा, हमरस्त्याला लागलो की सरळ ठाणे."

"पुढं कोण?"

"म्हणजे?"

"हमरस्त्याला लागल्यावर. आपल्या पुढं कोण?"

"कोणी नाही. आपणच."

साळवी हलले नाहीत. दुसऱ्या कोणाबद्दल असे ऐकले असते तर मी हसलो असतो. तो माणूस ब्रह्मदेशातून गाडी घेऊन आला होता, जमावांतून पिंजरा काढला होता, आणि आता भिवंडीत, भर दुपारी, त्याच्याकडून गाडी सुरू होत नव्हती, कारण समोर कोणाची पाठ नव्हती. मी समजावून पाहिले. रस्ता रुंद आहे, म्हटले. पूल शाबूत आहेत. उशीर केला तर वसंता दादरला उतरून परस्पर कुठेतरी जाईल आणि वहिनी विचारतील तेव्हा काय सांगायचे. त्या शेवटच्या वाक्याला त्यांच्या हाताची बोटे हलली, पण तेवढीच.

शेवटी मी म्हणालो, "साळवी, आपला ट्रक पुढेच आहे. फक्त दिसत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "किती पुढं?"

"चार-पाच मैल."

"मग अंतर जास्त झालं," ते म्हणाले, आणि स्टार्टर दाबला.

भिवंडी ते कशेळी हा रस्ता साळवींनी सर्वांत पुढे राहून चालवला. रिकाम्या रस्त्यावर ते इतके हळू जात की दोन बैलगाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या, आणि त्या पुढे गेल्या की ते जरा मोकळा श्वास घेत. कशेळीच्या खाडीच्या अलीकडे डहाळ्यांचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा दिसला. फॅनचा पट्टा तुटून इंजिन तापले होते. ड्रायव्हर चाकाला टेकून विडी ओढत होता. सत्याग्रही झाडाखाली बसले होते आणि घोषणा देऊन घसे बसल्यामुळे कोणी बोलत नव्हते. दादरला सभा खोळंबली असेल, एवढीच सगळ्यांना काळजी.

साळवी उतरले, ट्रकखाली वाकून पाहिले, आणि जीपच्या मागच्या फळकुटाखालून दोर काढला. दोर त्यांनी लिलावात जीपबरोबर मागून घेतला होता. त्यांनी एक टोक जीपला बांधले, दुसरे ट्रकला बांधायला गेले. वसंता ट्रकच्या समोर उभा होता. तो बाजूला झाला नाही आणि साळवींनी त्याला बाजूला हो म्हटले नाही. ते त्याच्या पायांशी बसून गाठ मारू लागले.

वसंता म्हणाला, "गाठ सुटेल."

"नाही सुटत," साळवी म्हणाले.

त्या वर्षात दोघांत झालेले हे एवढे संभाषण. मी साक्षीदार आहे. त्यात रुसवा नव्हता, माया नव्हती. गाठीबद्दल दोघांची मते वेगळी होती, एवढेच.

ट्रक हलका करावा म्हणून काहींनी जीपमध्ये यावे असे ठरले. वजन शेवटी जीपनेच ओढायचे होते, पण हे कोणी बोलले नाही, कारण जीपला बसायला गाद्या होत्या. चौघे चढले. वसंता ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. साळवींनी जीपचा दुसरा दांडा ओढला, चारही चाकांना इंजिनाचा जोर जोडला, आणि जीप गुरगुरत निघाली. आता पुढे साळवी आणि मागे मुलगा. मधे पन्नास यार्ड नव्हे, जेमतेम पंधरा फुटांचा दोर.

"दिसतोय?" साळवींनी विचारले.

मी वळून पाहिले. काचेमागे वसंताचा चेहरा होता. तो बापाच्या पाठीकडे बघत होता.

"दिसतोय."

मुलुंडला पुन्हा विचारले, शीवला पुन्हा. मी दर वेळी वळून पाहिले. दर वेळी तो तसाच होता.

दादरला पोचलो तेव्हा सभा संपत आली होती. बँडवाले वाद्ये पिशव्यांत भरत होते. अध्यक्षांनी आम्हाला येताना पाहिले आणि त्यांना नवे स्फुरण आले. सत्याग्रहींच्या वाहनाला जनशक्ती कशी ओढून आणते आहे यावर ते बोलू लागले, आणि बोलता बोलता खाली येऊन त्यांनी पहिल्या वाहनात उजवीकडे बसलेल्या माणसाला हार घातला. तो माझा तिसरा. साळवी दोर सोडवत होते. वसंता केबिनमधून उतरला आणि कोणालाही न सांगता नायगावच्या दिशेने चालू लागला.

साळवींनी दोर गुंडाळला, जीप पहिल्या गिअरात टाकली आणि त्याच्या मागे निघाले. चालणाऱ्या माणसामागे पन्नास यार्ड. हिंदमाताच्या बाजूने, पुढे चाळीपर्यंत. मागच्या टॅक्सीवाल्यांनी आम्हा दोघांच्या घराण्यांचा उद्धार केला. वसंता जिना चढून वर गेल्यावर साळवींनी इंजिन बंद केले. वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिले, जीपकडे पाहिले, आणि आत चहा ठेवायला गेल्या.

पुढची दोन-अडीच वर्षे वसंता त्या घरात राहिला, जेवला, झोपला. बापाशी बोलणे आईमार्फत. "आई, त्यांना सांग माझा शर्ट दोरीवरून काढू नका." "सांगा त्याला, भिजत होता." दोघे एकाच खोलीत चार हातांवर बसलेले असत आणि वहिनी मधे टेलिफोनच्या ऑपरेटरसारख्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, मी मेले तर या दोघांना रॉकेल संपलंय हेसुद्धा कळणार नाही."

जीप मैदानात उभी असे. साळवी रोज सकाळी तिला पुसत. भाड्याने द्यावी, विकावी, असे सल्ले सगळ्यांनी दिले. त्यांनी ती ना भाड्याने दिली ना विकली; एका माणसाला घरी आणायला घेतलेली होती आणि ते काम अजून झाले नव्हते. चाळीतल्या एका दिवस भरलेल्या बाईला मात्र भर दुपारी जीपमधून परळच्या इस्पितळात नेले. साळवींना पुढे कोणीतरी लागे. नवरा कामावर, त्यामुळे मला शेजाऱ्याची सायकल घेऊन पुढे जावे लागले. मी भोईवाड्याच्या कोपऱ्यावर पडलो. साळवी थांबले, मी उठेपर्यंत थांबून राहिले, बाई आत कळांनी ओरडत होती. मुलगा झाला आणि सुखरूप झाला. त्यात माझे किंवा साळवींचे श्रेय नाही.

मग एके दिवशी राज्य होणार हे नक्की झाले. आमच्या छापखान्यात 'मंगल' शब्दाची मागणी वाढली. नायगावात मैदानावर मोठे व्यासपीठ उभारायचे ठरले, रोषणाई, तुताऱ्या, मान्यवरांची भाषणे. उत्सव समितीचा चिटणीस वसंता. आता तो चांगला बोलू लागला होता. त्याच्या भाषणातही सह्याद्री उठत असे, पण माझ्यामुळे एकदाच.

साळवी त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. मी तेव्हा गावी होतो. परत आलो तेव्हा सगळे उरकले होते. त्यामुळे शेवटचे साळवी म्हणून मला आठवतात ते त्या एप्रिलअखेरच्या सकाळचे.

व्यासपीठाचे बांबू आले होते आणि नेमकी जीप मधे येत होती. मांडववाल्याने वसंताला विचारले, हे कोणाचे? वसंता जीपपाशी गेला. साळवी फडक्याने दिवे पुसत होते. आई घरात होती. निरोप पाठवायला मधे कोणी नव्हते. मी माझ्या गॅलरीत दात घासत होतो.

"जीप हलवावी लागेल," वसंता म्हणाला. "समितीला जागा पाहिजे."

"हलवतो," साळवी म्हणाले.

ते बसले, स्टार्टर दाबला. काही झाले नाही. पुन्हा दाबला. कित्येक आठवडे ती जागची हलली नव्हती. साळवी उतरले, बॅटरीला हात लावून पाहिला.

"ढकलावी लागेल. चाकावर कुणीतरी पाहिजे."

मांडववाले बांबूंवर चढले होते. वसंताने आजूबाजूला पाहिले. त्याने वर माझ्याकडेही पाहिले. माझ्या तोंडात फेस होता. मग तो डावीकडून जीपमध्ये चढला आणि बसला. दोन्ही हात चाकावर ठेवले. साळवींनी वाकून त्याला पायाशी काय काय आहे ते दाखवले. बराच वेळ दाखवत होते. तो मान हलवत होता. एकदा त्याने काहीतरी विचारले आणि साळवींनी उत्तर दिले. मला ऐकू आले नाही.

साळवींनी खांदा लावला आणि जीप ढकलायला सुरुवात केली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळवून परत. मीही चूळ भरून खाली गेलो आणि हात लावला. मांडववाल्यांतले दोघे आले. साळवी मधून मधून ओरडत, "आता सोड," आणि वसंता क्लच सोडी, जीप एक गचका खाऊन थांबे. तिसऱ्या फेरीला साळवींचा सदरा पाठीला चिकटला होता. वसंता समोर बघत बसला होता.

जीप सुरू झाली नाही.